कायदा झाला, तरी बिल येतच होतं

हे लिहिण्याआधी लेकाला विचारलं. तो म्हणाला, "लिही, पण माझं नाव नको आणि गावही नको." म्हणून गाव, काउंटी (म्हणजे इथला जिल्हा), कोर्ट यांपैकी कशाचंच नाव इथे सापडणार नाही. राज्य कॅलिफोर्निया, एवढं सांगणं भाग आहे, कारण सगळं त्या राज्याच्या कायद्यावरच फिरतं. अल्पवयीन मुलगा पकडला गेला, की त्याच्या कोठडीचं आणि वकिलाचं बिल तिथे आईवडिलांना यायचं, त्या बिलाची ही गोष्ट.

लिहायचं कारण असं, की मध्यंतरी ओळखीच्या ओळखीतून दोन मराठी घरांतून फोन आले. दोघींच्याही मुलांचं काहीतरी झालेलं आणि दोघींची सुरुवात एकच, "कुणाला सांगू नका हं." प्रश्नही तेच. वकील कुठून आणायचा, बिल येतं का, नाही भरलं तर काय होतं, ग्रीन कार्डाचं काय. आमच्या वेळी मला हे सांगणारं कुणी नव्हतं. सरळ क्रमाने सांगते.

२०१५ सालच्या दसऱ्याचा दुसरा दिवस, शुक्रवार. लेक तेव्हा पंधरा वर्षांचा. चौघा मित्रांनी एका गल्लीत किल्लीसकट उभी असलेली गाडी फिरवायला घेतली आणि चार चौक पुढे जाऊन एका कुंपणावर घातली. कुणाला खरचटलंही नाही, गाडीचं मात्र पुढून बरंच नुकसान झालं. रात्री एकच्या सुमारास पोलिसांचा फोन आला. मुलगा सुखरूप आहे, ज्युवेनाइल हॉलमध्ये नेतोय. आपल्याकडे ज्याला रिमांड होम म्हणतात, त्यातलीच ही जागा.

शुक्रवारी रात्री पकडलं जाणं सगळ्यात वाईट, हे मला नंतर कळलं. पकडल्यापासून ४८ तासांत आरोप ठेवणाऱ्या सरकारी वकिलाला कोर्टात अर्ज दाखल करावा लागतो, नाहीतर मुलाला सोडावं लागतं. पण त्या ४८ तासांत शनिवार-रविवार धरत नाहीत. अर्ज आला की पुढच्या कामकाजाच्या दिवशी पहिली सुनावणी. आमची सुनावणी उजाडायला बुधवार लागला. तोवर भेटीच्या वेळेत फक्त आईवडील आत जाऊ शकत होते, तेही ओळखपत्र दाखवून, फोन गाडीत ठेवून. पहिल्या भेटीत तो काय बोलेल म्हणून मी घाबरून गेले होते. त्याने विचारलं, केमिस्ट्रीच्या टेस्टचे मार्क लागले का.

वकिलाबद्दल सांगते, कारण पुढचं बिल इथूनच सुरू होतं. मुलाची बाजू मांडायला कोर्टाने सरकारी वकील दिला. मुलांनाही वकिलाचा हक्क आहे, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये गॉल्ट खटल्यात ठरवलेलं आहे. आमच्या वाट्याला आलेल्या वकीलबाईंकडे पहिल्या दिवशी कॉरिडॉरमध्ये जेमतेम पाच मिनिटं होती. तेवढ्यात त्यांनी दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. आतल्या फोनवर मुलाशी प्रकरणाबद्दल बोलू नका, ते फोन रेकॉर्ड होतात. आणि शाळेतून हजेरीचं पत्र आणा, न्यायाधीश ते वाचतात. दोन्ही खरं निघालं. नवरा खासगी वकिलाच्या मागे लागला होता. पाच हजार डॉलर आधी ठेवा, असं एकाने सांगितलं. आम्ही सरकारी वकीलच ठेवला आणि त्या बाईंनी काम चोख केलं. फक्त त्याचे पैसे आईवडिलांना लागतील, हे त्या दिवशी आम्हाला कुणी बोललं नाही.

लेकाच्या नावावर शाळेतल्या मारामारीची एक जुनी नोंद होती, त्यामुळे न्यायाधीशांनी लगेच सोडलं नाही. आत अडीच-तीन आठवडे गेले. मग पायात जीपीएसचं यंत्र अडकवून घरी पाठवलं. शाळा आणि घर, बस.

ते यंत्र रोज चार्ज करावं लागायचं, आणि पायातून काढता येत नसल्यामुळे भिंतीला वायर लावून मुलालाच तिथे बसावं लागायचं. आमच्याकडे सोयीचा प्लग सोफ्यामागे होता. त्या दिवाळीत मंडळातल्या एक काकू न सांगता फराळ घेऊन आल्या. तो सोफ्यावर, मांडीवर चादर, वायर चादरीखालून मागे गेलेली. काकूंनी दोनदा हाक मारली, "अरे, ये की पाया पडायला!" तो जागचा हलला नाही, नुसता हसला. काकू मला म्हणाल्या, "हल्लीची मुलं!" मी चकल्यांचा डबा घेतला, चहा ठेवला आणि स्वयंपाकघरातच उभी राहिले. सांगलीहून सासूबाईंचा रोजचा प्रश्न वेगळाच, हा फोनवर बोलत का नाही? त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्यासमोर खोटं बोलणं मला यातल्या कशाहीपेक्षा जड गेलं.

डिसेंबरात निकाल लागला. साधारण वर्षभर प्रोबेशन, म्हणजे घरी राहून अधिकाऱ्याची देखरेख, गाडीमालकाला नुकसानभरपाई, आणि थोडा दंड. भरपाईची जबाबदारी चौघांवर एकत्र होती. याचा अर्थ चार वाटे करून आपला भरला की सुटलो असं नाही, बाकीच्यांनी नाही भरलं तर उरलेलं आपल्याकडे मागू शकत होते. शिवाय अल्पवयीन मुलाच्या भरपाईत कायदा आईवडिलांनाही धरतो. मला त्यात अन्याय वाटला नाही. गाडी त्या माणसाची होती आणि तो तीच घेऊन कामावर जायचा.

बिल आलं ते फेब्रुवारी २०१६ मध्ये. निकालाच्या वेळी कोर्टात कुणीतरी एक कागद दिला होता, त्यात 'खर्चाच्या आकारणीसाठी अमुक कार्यालयात भेटावे' असं एक वाक्य होतं, तेवढीच पूर्वसूचना. लिफाफा माझ्या आणि नवऱ्याच्या नावाने. मुलाचं नाव फक्त संदर्भाच्या ओळीत. आतल्या तक्त्यात हॉलमधले दिवस गुणिले दर, पायातल्या यंत्राचे दिवस गुणिले दर, प्रोबेशन अधिकाऱ्याने कोर्टासाठी लिहिलेला अहवाल, देखरेखीचे दरमहा, मूत्रतपासणी, आणि शेवटी सरकारी वकील. नेमके दर प्रत्येक काउंटीचे वेगळे होते. अलामेडा काउंटीचे त्या वेळचे दर नंतर बरेच गाजले, त्यावरून अंदाज येईल. हॉलमधल्या एका दिवसाचे २५.२९ डॉलर, जीपीएस यंत्राचे दिवसाला १५, अहवालाचे २५०, देखरेखीचे महिन्याला ९०, वकिलाचे ३००. आमचे आकडे याच्याच आसपास. एकूण तीन हजारांच्या वर, आणि प्रोबेशन चालू असेपर्यंत त्यात दरमहा भर.

मी तो तक्ता ओट्यावर ठेवून परत परत वाचला. सगळ्यात मोठा आकडा त्या पायातल्या यंत्राचा होता. मूल घरी, जेवण आपलं, वीज आपली, आणि भाडं काउंटीला.

नवरा म्हणाला, "भरून टाकू. गवगवा नको." हे मी मुद्दाम लिहितेय. आपल्या घरांतून ही बिलं बहुतेक अशीच भरली जात असणार. पैसे गेले तरी चालतील, पण विचारायला जायचं म्हणजे चार खिडक्यांवर पोराचं नाव घ्यायचं. लाज ही अशा खात्यांची फुकटची वसुली अधिकारी आहे.

तरीही आकारणीच्या कार्यालयात जावं लागलं. तिथे एक अधिकारी घराची आर्थिक तपासणी करतात. पगाराच्या पावत्या, घरभाडं, गाडीचा हप्ता, विमा, सगळं मागितलं. भारतात सासूबाईंना दरमहा पाठवतो ते खर्चात धरा म्हटलं, तर त्या फॉर्मवर त्याला रकानाच नव्हता. रक्कम पटत नसेल तर कोर्टापुढे सुनावणी मागायचा हक्क होता. ते फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात होतं, तोंडाने कुणी सांगितलं नाही. महिन्याला ७५ डॉलरचा हप्ता ठरला. सही केली आणि बाहेर आलो.

त्याच मार्चमध्ये बातमी वाचली, की अलामेडा काउंटीने ही सगळी आकारणी थांबवली. बर्कलीच्या कायदा महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी तिथल्या आकारणीचा अभ्यास केला होता. गोळा होणाऱ्या पैशातला मोठा हिस्सा वसुलीवरच खर्च होत होता आणि कृष्णवर्णीय घरांवर बोजा सगळ्यात जास्त पडत होता, असं त्यात दिसलं. लॉस एंजेलिस काउंटीने तर २००९ मध्येच नवी आकारणी बंद केली होती. म्हणजे एकाच राज्यात, रस्त्याच्या या बाजूच्या आईला बिल आणि त्या बाजूच्या आईला नाही. आमच्या काउंटीला फोन केला. पलीकडचा माणूस सभ्य होता. "ते त्यांचं आहे मॅडम, आमच्याकडे असा काही ठराव नाही."

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑरेंज काउंटीतल्या एका आईच्या खटल्याचा निकाल वाचला. मुलाच्या कोठडीचं आणि वकिलाचं मिळून तिला १६,३७२ डॉलरचं बिल आलं होतं. राहतं घर विकून तिने त्यातले साडेनऊ हजारांच्या आसपास भरले, तरी उरलेल्याची वसुली चालूच. शेवटी तिने दिवाळखोरी जाहीर केली, तर काउंटी म्हणाली, हे कर्ज दिवाळखोरीतही माफ होत नाही. नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील न्यायालयाने काउंटीला तिथे थांबवलं. तो निकाल मी रात्री जागून वाचला. कायद्याचं इंग्रजी निम्मं डोक्यावरून गेलं, पण आपण एकटेच नाही एवढं कळायला पुरलं.

२०१७ उजाडलं आणि नवऱ्याची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेली की दुसरी नोकरी शोधायला साठ दिवसांची मुदत, तीही त्याच जानेवारीपासून लागू झालेली, म्हणून निदान तेवढी तरी मिळाली. त्या साठ दिवसांत ७५ डॉलरचा हप्ता कुणाच्या लक्षात राहतो? नोकरी दुसरी मिळाली, पण मधे हप्ते चुकले आणि खातं काउंटीच्या वसुली विभागाकडून बाहेरच्या वसुली कंपनीकडे गेलं. फोन सुरू झाले. ते फोन सकाळी, ऑफिसच्या वेळेत, कधी लेकाच्या मोबाइलवरही. त्याचा नंबर त्यांना फॉर्मवरून मिळाला असावा. एकदा जेवताना तो म्हणाला, "आई, मी सुट्टीत काम करतो, ते पैसे यात घालू." मी ताटावरून उठले.

इथे एक उपयोगाची गोष्ट. वसुली कंपनीला लेखी कळवता येतं, की कर्जाचा तपशील पाठवा आणि फोन करू नका. मी तसं पत्र टाकलं. सगळे थांबले नाहीत, पण लेकाला येणारे थांबले.

आनंदाची एक बातमी मधल्या काळात आली. प्रोबेशन नीट पूर्ण झालं आणि कोर्टाने त्याची फाइल सीलबंद केली. कॅलिफोर्नियात २०१५ पासून प्रोबेशन व्यवस्थित संपलं, तर बऱ्याच प्रकरणांत कोर्ट आपणहून सील करतं. ज्यांचं आपोआप होत नाही, त्यांना जेव्ही-५९५ नावाचा अर्ज भरावा लागतो. सील होण्याआधी आदेशांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा. आम्हाला हे इमिग्रेशनच्या वकिलाने सांगितलं. तासाभराचे अडीचशे डॉलर घेतले, पण मिळालेला सल्ला मोलाचा होता. बाल न्यायालयाचा निकाल इमिग्रेशनच्या कायद्यात गुन्हेगारी शिक्षा म्हणून धरत नाहीत. मात्र ग्रीन कार्डाच्या अर्जात कधी अटक झाली का असं विचारतात, तिथे खरं लिहायचं, आणि काय जोडायचं ते वकिलाला विचारून. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारून नव्हे. आमच्या ग्रुपवर अशा विषयातले उंटावरचे शहाणे पुष्कळ आहेत.

११ ऑक्टोबर २०१७ ला राज्यपाल जेरी ब्राउन यांनी एसबी १९० वर सही केली. होली मिचेल आणि रिकार्डो लारा या दोन सिनेटरांनी आणलेलं विधेयक. १ जानेवारी २०१८ पासून संपूर्ण राज्यात आईवडिलांकडून कोठडीचे, वकिलाचे, देखरेखीचे, यंत्राचे, तपासणीचे पैसे घ्यायला बंदी. नवऱ्याने लिंक पाठवली, खाली लिहिलं, "सुटलो." नाताळच्या सुट्ट्या संपल्यावर मी फोन केला. सुटलो नव्हतो. कायद्याने नवी आकारणी बंद केली होती. आधीची बाकी माफ करायची की नाही, हे त्यात काउंटीवर सोडलं होतं. बऱ्याच काउंट्यांनी पुढच्या वर्षभरात आपणहून जुनी खाती बंद केली. लॉस एंजेलिसने २०१८ मध्ये कोट्यवधी डॉलरची जुनी येणी एका ठरावाने सोडून दिली. आमच्या काउंटीने नाही.

फोनवरच्या बाईंना मी विचारलं, आज जर माझ्या मुलाला पकडलं असतं तर? "तर काही लागलं नसतं." आणि २०१५ मध्ये पकडलं म्हणून? "बाकी दोन हजार एकशे काहीतरी आहे. आज किती भरता?"

२०१९ च्या वसंतात राज्याच्या कराचा परतावा आला नाही. त्याऐवजी फ्रँचाइज टॅक्स बोर्डाचं, म्हणजे राज्याच्या कर खात्याचं पत्र. परतावा अमुक कार्यालयाच्या येण्यापोटी वळता केला आहे. हे ते कर खातं स्वतःहून करत नाही. काउंटी आपली येणी त्यांच्याकडे नोंदवते आणि तुमचा परतावा निघाला की तो तिकडे जातो. पत्रावर कुणाला विचारायचं तो फोन नंबर असतो, तो काउंटीचाच. मी फोन लावला, तर त्यांना खात्याशी जोडलेलं प्रकरणच सापडेना, कारण फाइल सील झालेली. "मॅडम, आमच्याकडे असं प्रकरण दिसत नाही." मग पैसे कसले घेतले? "ते खात्यात दिसतंय." म्हणजे मुलगा कागदावरून पुसला गेला, आमचं देणं मात्र शाबूत. मला त्या वेळी खरोखर हसू फुटलं. पलीकडच्या मुलीलाही फुटलं असावं, कारण ती थोडा वेळ बोललीच नाही.

पुढची हालचाल थेट २०२० मध्ये. एसबी १२९० हा दुसरा कायदा मंजूर झाला. १ जानेवारी २०१८ च्या आधी आकारलेली आणि अजून न भरलेली अशी सगळी येणी रद्द, अंमल १ जानेवारी २०२१ पासून. वेल्फेअर अँड इन्स्टिट्यूशन्स कोडचं कलम २२३.१. हा आकडा लिहून ठेवा. बाकी राज्यभरची भाषणं विसरलात तरी चालेल, पण खिडकीवर हे कलम उच्चारलं की बोलण्याचा सूर बदलतो, असा माझा अनुभव. ही येणी रद्द, अंमलात न आणता येणारी आणि वसूल न करता येणारी आहेत, असं ते स्वच्छ म्हणतं. कोर्टाचा हुकूमनामा झालेला असेल, तर त्यातला तेवढा भागही रद्द. यासाठी आपण अर्ज करावा अशी अट नाही.

अट नाही, पण संगणकाला कायदा कोण सांगणार? जानेवारी २०२१ मध्ये कोविडमुळे कार्यालयं बंद, फोनवर तासन् तास वाद्यसंगीत. मी गप्प बसले, की होईल आपोआप. मार्चमध्ये कर भरला आणि परतावा पुन्हा वळता झाला. कायदा लागू होऊन अडीच-तीन महिने उलटल्यावर!

यावेळी फोन केला नाही. पत्र लिहिलं. एका पानाचं, कुठेही रडगाणं नाही. वर खाते क्रमांक, आमची नावं, पत्ता. मुलाचं नाव टाकायचं नाही असं ठरवलं, फाइल सील आहे एवढंच लिहिलं. मग मागण्या. कलम २२३.१ नुसार बाकी शून्य करून तसं लेखी द्या. कर खात्याकडची आणि वसुली कंपनीकडची नोंद मागे घ्या. १ जानेवारी २०२१ नंतर घेतलेली रक्कम परत करा. आमच्याविरुद्ध दिवाणी हुकूमनामा नोंदवला असेल, तर तो रद्द केल्याची प्रत पाठवा. सोबत आकारणीचं मूळ पत्र आणि कर खात्याची दोन्ही पत्रं. पोच येईल अशा सर्टिफाइड मेलने पाठवलं, सात-आठ डॉलर लागले. ती हिरवी पोचपावती मी पासपोर्टच्या फाइलमध्ये ठेवली आहे, अजूनही.

पत्र लिहायला कोर्टाच्या सेल्फ-हेल्प केंद्राची मदत झाली. कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक काउंटीच्या कोर्टात असं केंद्र असतं आणि ते फुकट असतं. कोविडमुळे तेव्हा सगळं व्हिडिओवर. तिथल्या बाई म्हणाल्या, मागण्या वेगवेगळ्या ओळीत लिहा, परिच्छेदात कोंबल्या तर ते पहिलीचंच उत्तर देतात. तशा लिहिल्या, तरी पहिलं उत्तर आलं त्यात दोनच गोष्टी होत्या. खातं 'तपासणीखाली' आहे, आणि मुलाचा प्रकरण क्रमांक कळवा.

प्रकरण क्रमांक द्यायचा का, यावर घरात वाद झाला. नवरा म्हणाला, देऊन टाक, दोन दिवसांत काम होईल. लेक तेव्हा कॉलेजला होता, त्याने फोनवर ठाम नाही म्हटलं. "ते बिल तुमच्या नावावर आहे ना? मग माझा नंबर कशाला?" मुद्दा बिनतोड होता. आम्ही खाते क्रमांकावरच अडून बसलो. जुन्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाला फोन केला, तर तिथल्यांनीही तेच सांगितलं, येणं पालकांच्या नावावर आहे, पालकांच्या नावानेच बंद होतं.

यानंतर काही आठवडे शांतता. मग मी आमच्या भागातल्या निवडून आलेल्या काउंटी सुपरवायझरच्या कार्यालयात पत्राची प्रत पाठवली. इथे हे करायला माणसं बिचकतात. मीही नागरिक नाही, मतदार नाही, माझं कोण ऐकणार असं वाटत होतं. कुणी नागरिकत्व विचारलंच नाही. एका तरुण मुलाने परत फोन केला, सगळं लिहून घेतलं, आणि एवढंच म्हणाला, "ही आमच्याकडे आलेली पहिली तक्रार नाही."

जूनच्या अखेरीस पत्र आलं. दोन ओळी. खाते क्रमांक अमुक, शिल्लक ०.००, कायद्यातील बदलामुळे बंद. माफी वगैरे नाही आणि ती अपेक्षितही नव्हती. मार्चमध्ये वळता केलेल्या पैशांचा चेक सप्टेंबरात, गणपती बसले त्या आठवड्यात आला. २०१९ मध्ये घेतलेले मात्र परत मिळाले नाहीत, आणि आधी भरलेले हप्तेही नाहीत. कायदा न भरलेली बाकी रद्द करतो. जे भरलं ते गेलं. ज्यांनी आमच्यासारखं निमूटपणे भरलं, त्यांना काहीच नाही, आणि ज्यांना जमलं नाही त्यांचं माफ झालं, यावर नवरा अजून कुरकुरतो. मला तसं वाटत नाही. ज्यांना जमलं नाही, त्यांच्यापैकी कुणाचं घर गेलं, कुणाच्या पगारातून कापलं गेलं. त्यांच्याशी आपली बरोबरी करून काय मिळवायचं?

शून्याचं पत्र आलं तरी काम संपलं नव्हतं. २०२२ मध्ये घर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी कर्जाच्या अर्जाआधी काउंटीच्या नोंदणी कार्यालयात आमच्या नावावर काही बोजा आहे का ते शोधून घेतलं. असा जुना हुकूमनामा तिथे चढवलेला असला, तर घर घेताना तो नेमका शेवटच्या आठवड्यात वर येतो. आमच्या नावावर काही निघालं नाही. क्रेडिट रिपोर्टही तिन्ही कंपन्यांचे काढून पाहिले. ते फुकट मिळतात. एकात वसुली कंपनीची जुनी नोंद होती, ती शून्याच्या पत्राची प्रत पाठवल्यावर महिन्याभरात निघाली.

नुकसानभरपाईचं वेगळं सांगायला हवं, कारण फोन करणाऱ्या दोघींचाही इथे गोंधळ होता. वर सांगितलेले दोन्ही कायदे काउंटीच्या खर्चाचे आहेत. ज्याचं नुकसान झालं त्या माणसाला कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई त्यातून माफ होत नाही. त्यामुळे पत्र आलं की आधी बघायचं, यातले पैसे कुणाला जाणार आहेत. काउंटीला जाणार असतील आणि आकारणी २०१८ च्या आधीची असेल, तर कलम दाखवायचं. दुसऱ्या माणसाला जाणार असतील, तर हप्ते बांधून घ्यायचे आणि प्रत्येक हप्त्याची पावती ठेवायची. आमची भरपाई चौघांपैकी दोन घरांनी मिळून फेडली. उरलेल्या दोघांपैकी एक कुटुंब राज्य सोडून गेलं आणि एकाकडे खरंच नव्हतं. शेवटचे काही हप्ते लेकाने भरले.

कॅलिफोर्नियाबाहेर असाल, तर हे जसंच्या तसं लागू होणार नाही. बाल न्यायालयातली अशी आकारणी नेवाडाने २०१९ मध्ये, मेरीलँडने २०२० मध्ये, ओरेगन, कोलोराडो आणि न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये, इलिनॉयने २०२३ मध्ये मोडीत काढली किंवा मोठ्या प्रमाणात कमी केली. प्रत्येक ठिकाणी जुन्या बाकीचं काय केलं ते वेगळं आहे, आणि बरीच राज्यं अजून पैसे घेतात. त्यामुळे पहिल्या सुनावणीच्या दिवशीच वकिलाला विचारा, की तुमचे, हॉलचे आणि यंत्राचे पैसे आम्हाला लागणार का, लागणार असतील तर कमी करून घ्यायची सुनावणी कधी मागायची. उत्तर ईमेलवर घ्या. मुलाचा मोबाइल नंबर मात्र कुठल्याही आर्थिक फॉर्मवर लिहू नका.